एका नावाखालचे बेडूक

बेडकांवरचा लेख येथे कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल आणि तो रास्तच आहे. आमचा विषय साहित्य. प्राणिशास्त्राशी आमचा संबंध कनिष्ठ महाविद्यालयात एक बेडूक फाडण्यापुरता आला आणि तोही आम्ही धड फाडला नाही. तरीही गेले दीड वर्ष एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलांत भडक रंगांचे चिमुकले विषारी बेडूक राहतात. इंग्रजीच्या मागोमाग आपणही त्यांना विषबाण-बेडूक म्हणू. त्यांच्या निरनिराळ्या जाती हौशी माणसाने एकाच काचपेटीत ठेवाव्यात काय? ठेवू नयेत, असे आमचे मत आहे. मात्र या मतापर्यंत येताना वाटेत जी भाषा भेटली तिने आम्हांला फार अस्वस्थ केले, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण ती भाषा आहे.

प्रथम आमचा गुन्हा कबूल करतो. आमचा एक महाविद्यालयीन स्नेही पुष्कळ वर्षे नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हेनला असतो. त्याच्याकडे मुक्कामाला गेलो असता दिवाणखान्यात ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद अशी एक काचपेटी दिसली. आत शेवाळ, झाडाच्या सालीवर रुजवलेली ब्रोमेलियाडची रोपे, ठरावीक वेळाने धुक्यासारखे पाणी फवारणारी नळी, आणि एवढ्या थाटात राहणारे तीन बेडूक. काळ्या अंगावर पिवळे पट्टे. डेंड्रोबेटिस ल्यूकोमेलास हे त्यांचे शास्त्रीय नाव आणि व्हेनेझुएला, गयाना, उत्तर ब्राझील हा त्यांचा मुलूख, अशी माहिती त्याने दिली. आम्ही तासभर पाहत बसलो आणि मग, पाहुण्याने बोलू नये ते बोललो : "अरे, एवढा राजवाडा आणि राहणारे तीनच? एखादा निळा आण की." निळा बेडूक आम्ही कुठल्याशा दिनदर्शिकेवर पाहिला होता.

त्याने दोन आणले. त्याला तिथल्या जाणकारांनी आधीच नको म्हणून सांगितले होते, पण मनात इच्छा होती आणि आमच्या बोलण्याने तिला निमित्त मिळाले. 'तुझे निळे' या शीर्षकाने छायाचित्रे आली. खरोखर देखणी होती. तिसऱ्या आठवड्यात त्याने कळविले की पिवळ्यांपैकी सर्वांत लहान बेडूक पानाखालून बाहेर येत नाही. निळी मादी त्याच्या अंगावर चढून बसते. माश्या सोडल्या की मोठे आधी पोट भरून घेतात. याच्या पाठीखालची हाडे दिसू लागली आहेत. दुसरी पेटी मांडून होईपर्यंत सातवा आठवडा उजाडला आणि तोवर तो बेडूक मेला होता. स्नेह्याने आम्हांला दोष दिला नाही. न दिलेला दोष अधिक बोचतो, हे काही नवे नाही.

त्यानंतर आम्ही वाचायला बसलो, आणि साहित्याच्या माणसाची खोड अशी की सुरुवात नावापासूनच केली. 'विषबाण-बेडूक' या नावाखाली डेंड्रोबॅटिडी या कुळातल्या सुमारे दोनशे जाती येतात. यांतल्या किती जातींचा बाणाशी संबंध? अवघ्या तीन जातींचा. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचे एम्बेरा लोक फुंकनळीतून मारायच्या बाणांना फायलोबेटिस प्रजातीतल्या तीन बेडकांचे विष लावीत. त्यांपैकी सर्वांत जहाल तो फायलोबेटिस टेरिबिलिस. मायर्स, डेली आणि माल्किन यांनी १९७८ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या पाठीवरून बाणाचे टोक नुसते घासले तरी पुरे होई. बाकीच्या जातींना हे नाव तीन चुलतभावंडांच्या कर्तृत्वावर मिळाले आहे. त्यातही गंमत अशी की पेटीत जन्मलेला बेडूक विषारी नसतो. हे विष त्यांना जंगलातल्या मुंग्या, कोळीवर्गीय सूक्ष्म माइट आणि भुंगे खाऊन मिळते. फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकाच्या कातडीत ते उतरत नाही. म्हणजे आमच्या स्नेह्याच्या घरी ना विष होते ना बाण. होते ते फक्त नाव.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक सूक्त आहे. पहिल्या पावसाने जागे झालेले बेडूक आणि गुरूमागून पाठ म्हणणारे शिष्य यांची त्यात सांगड घातलेली आहे. ती स्तुती की थट्टा, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. आम्हांला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. बेडकांचे आवाज वेगळे, रंग वेगळे, हे तर त्या सूक्तकर्त्याने टिपलेच. पण इतक्या वेगळ्यांना आपण एकाच शब्दाने हाक मारतो, हेही त्याच्या ध्यानात आले होते. काचपेटीच्या दुकानदाराला एवढे भान असते तर हा लेख लिहावा लागला नसता. एक नाव आहे म्हणून एक घर चालेल, ही समजूत सारी घोटाळ्याची जड आहे.

घर वेगळे म्हणजे किती वेगळे, हे सांगण्यासाठी या बेडकांच्या संसाराकडे पाहावे लागेल. निकाराग्वापासून पनामापर्यंत आढळणाऱ्या ऊफागा प्युमिलिओची लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. पनामाच्या बोकास देल तोरो या द्वीपसमूहात त्याने रंगांचा असा काही बाजार मांडला आहे की एका बेटावर तांबडा, दुसऱ्यावर हिरवा, तिसऱ्यावर निळा. जमिनीवर पानात घातलेली अंडी नर ओली ठेवतो. पिल्ले बाहेर आली की मादी एकेका बेडूकमाशाला पाठीवर घेते आणि ब्रोमेलियाडच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात सोडते. प्रत्येकाचे तळे स्वतंत्र. मग कित्येक आठवडे ती त्या तळ्यांच्या फेऱ्या मारते आणि प्रत्येकात आपले एक-एक अफलित अंडे घालते. पिल्लाचे अन्न तेच, दुसरे काही त्याला चालत नाही. ऊफागा या ग्रीक नावाचा अर्थच मुळी अंडी खाणारा. नर आपला टापू राखतो आणि दुसरा नर आला तर कुस्ती धरतो. हा टापू काही चौरस मीटरांचा असतो. आमच्या स्नेह्याच्या पेटीचा तळ अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी आहे.

पेरूतला रॅनिटोमेया इमिटेटर याहून लहान, आणि बेडकांच्या जगात जवळजवळ अनोखी वाटावी अशी त्याची रीत : नर आणि मादी जोडीने राहतात आणि दोघे मिळून पिल्ले वाढवितात. पिल्लाचे पाणी राखणारा नर मादीला हाक मारून बोलावतो आणि ती येऊन खाऊचे अंडे घालते. २०१० मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की ही एकनिष्ठा केवळ दिसण्यापुरती नाही, बहुतेक जोड्यांत वंशाच्या पातळीवरही ती खरी आहे. उलट निळ्याची गोष्ट. गयाना पठारावरच्या टिंक्टोरियस जातीत माद्याच एकमेकींशी झुंजतात, एकमेकींना खाली दाबून धरतात. पिल्ले पाण्यापर्यंत पोहोचविण्याचे काम बापाकडे असते. आणि ती पिल्ले एका पाण्यात पडली तर एकमेकांना खातात. म्हणून पाळणारा माणूस प्रत्येकाला निराळ्या कपात वाढवतो. आता दोन सेंटिमीटरचा, अंड्यांच्या फेऱ्यांवर जगणारा संसार आणि पाच सेंटिमीटरची, स्वजातीच्या मादीलाही न खपवून घेणारी निळी मादी एका खोलीत ठेवून पाहा. शेजार होईल असे वाटते त्यांनी चाळीत बिऱ्हाड केलेले नसावे.

या ठिकाणी एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो फुसका नाही. जंगलात तर या जाती एकत्रच राहतात ना? राहतात. कोस्टारिकाच्या कॅरिबियन उतारावर प्युमिलिओ, हिरवा-काळा ऑराटस आणि फायलोबेटिस लुगुब्रिस एकाच जंगलात सापडतात. इमिटेटरचे तर नावच शेजाऱ्यांवरून पडले आहे : पेरूच्या ज्या भागात ज्या जातीशेजारी तो राहतो, तिथे तिच्यासारखा दिसतो. कुठे ठिपके, कुठे पट्टे, कुठे आडवे वेढे. दोन विषारी जाती सारख्या दिसल्या की शिकारी पक्ष्याला एकदाच धडा शिकावा लागतो आणि किंमत दोघांत वाटली जाते. सहवासाचे याहून सुंदर उदाहरण क्वचित सापडेल. परंतु तो सहवास पाठ फिरविण्याची मुभा असलेल्यांचा आहे. कोणी अंगावर चढू लागला तर दुसऱ्या झाडाखाली जाता येते. काचेला दुसरे झाड नाही. शिवाय लोक पेटीत जे एकत्र आणतात ते बहुधा जंगलातले शेजारी नसतातच. व्हेनेझुएलाचा पिवळा आणि सुरिनामच्या दक्षिण टोकाला सिपालिविनी गवताळ प्रदेशातल्या वनबेटांत राहणारा निळा यांची भेट आइंडहोव्हेनच्या दिवाणखान्यातच व्हायची होती, आणि ती आमच्या जिभेने घडविली.

रोगाचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण त्यावर मतभेदाला फारशी जागा नाही. जगभरातल्या बेडकांवर ज्या बुरशीने अरिष्ट आणले तिचे नाव बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. नावातला उत्तरार्ध ओळखीचा वाटेल. १९९९ मध्ये तिचे प्रथम वर्णन झाले ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका निळ्या विषबाण-बेडकाच्या कातडीवरून. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार या रोगामुळे ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० बहुधा नामशेष झाल्या. ही बुरशी पूर्व आशियातून, मुख्यतः माणसाने चालविलेल्या प्राण्यांच्या देवघेवीतून पसरली, असे २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने सांगितले. आपल्या पश्चिम घाटातही ती आढळल्याच्या नोंदी २०११ पासून आहेत. दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले प्राणी एका ओलाव्यात ठेवताना निदान एवढे ठाऊक असावे.

आता ज्या भाषेचा उल्लेख सुरुवातीला केला तिच्याकडे वळतो. हौशी पाळणाऱ्यांच्या लिखाणात एकत्र ठेवण्याविरुद्ध सर्वांत जोरकस युक्तिवाद संकराचा असतो. ल्यूकोमेलास, टिंक्टोरियस आणि ऑराटस या बंदिवासात एकमेकांशी जुगतात आणि त्यांची पिल्ले जगतात. म्हणून : रक्त शुद्ध ठेवा. वंश बिघडवू नका. संकरज पिल्ले जन्मू देऊ नका, जन्मली तर कोणाच्या हाती लागू देऊ नका. हे वाचताना आमच्या अंगावर काटा आला. वर्णसंकराची भीती आम्ही प्रथम वाचली ती गीतेच्या पहिल्याच अध्यायात, अर्जुनाच्या तोंडी. आणि ती भीती आमच्या समाजात कोणाकोणाच्या जिवावर उठली ते सांगायला नको. त्यात मराठीची एक अडचण. मराठी विश्वकोशातल्या प्राणिविषयक नोंदी स्पीशीजला 'जाती' म्हणतात. वृत्तपत्रे हल्ली 'प्रजाती' लिहितात. बरेचसे हिंदीच्या प्रभावाने आणि, आम्हांला संशय आहे, थोडेसे संकोचानेही. या लेखात आम्ही 'जात' हाच शब्द ठेवला आहे. संकोच लपविण्यापेक्षा तो दिसलेला बरा.

स्नेह्याला ही अडचण आमच्याही आधी जाणवली होती. दूरध्वनीवर तो म्हणाला, "तू वर्गात वर्षानुवर्षे जातिनिर्मूलन शिकवतोस आणि माझ्या पेटीत मात्र रोटीबेटीव्यवहार बंद?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्याला उत्तर देणे आम्हांला भाग होते आणि ते त्या क्षणी आमच्याकडे नव्हते. काही आठवड्यांनी जे सुचले ते असे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या त्या न झालेल्या भाषणात रक्तशुद्धीच्या दाव्याचा समाचार घेतला तो जाती म्हणजे वंशभेद नव्हेतच या आधारावर. माणसांच्या जाती म्हणजे जिथे निसर्गाची रेघ नाही तिथे ओढलेली रेघ. बेडकांच्या जातींत रेघ आहे, मात्र ती खडूने ओढल्यासारखी, काही ठिकाणी पुसट. कोलंबियातल्या ऊफागा हिस्ट्रिओनिकाच्या काही वस्त्यांत रंगांची विविधता संकरातूनच आली असावी, असे २०१३ च्या एका अभ्यासाचे म्हणणे आहे. म्हणजे निसर्गाला संकराचा विटाळ नाही. आणि तो निळा? १९६९ मध्ये एका डच शास्त्रज्ञाने त्याला डेंड्रोबेटिस अझ्यूरियस ही स्वतंत्र जात ठरविले; २००६ मध्ये जनुकीय पुराव्यावरून त्याला टिंक्टोरियसचा एक प्रकार मानण्यात आले. बेडकाला यातले काहीच कळले नाही. माणसांच्या जातींवरून बेडकांच्या जातींकडे, किंवा उलट, असा पूल बांधण्याची सोय दोन्ही बाजूंनी नाही. आमच्या स्नेह्याने थट्टेत बांधला, शुद्धतावादी गंभीरपणे बांधतात, एवढाच फरक.

तेव्हा शुद्धतेची भाषा टाकून दिली तर एकत्र ठेवण्याला विरोध उरतो काय? आमच्या मते उरतो, आणि अधिक ठाम उरतो. संकरज पिल्लू अपवित्र नाही. त्याच्यात काही खोट आहे असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न त्याच्याविषयी खरे सांगण्याचा आहे. ते पिल्लू उद्या कोणाला दिले जाईल, त्याचे पिल्लू आणखी कोणाला, आणि तिसऱ्या हाती त्याच्या डब्यावर एक बेगडी नाव चिकटलेले असेल. पाठचिकित्सा करणाऱ्या वाचकांना हे निराळे सांगायला नको : दोन पोथ्यांचे पाठ कोणी नोंद न करता मिसळले, तर झालेली संहिता वाईटच असते असे नाही, पण पुढच्या संपादकाला तिच्यावरून मागे जाता येत नाही. दिवाणखान्यातला बेडूक सुरिनामला परत जाणार नाही, हे आम्ही मान्य करतो. संवर्धनाच्या नावाने हौशी लोक जे गंभीर चेहरे करतात त्यांत ढोंगाचा अंश असतो, हेही. परंतु पेटीत वाढलेल्या प्राण्याच्या नावावर विश्वास उरला नाही की खात्रीचा माल मागणारे लोक पुन्हा जंगलाकडे पाहू लागतात. जानेवारी २०२४ मध्ये बोगोटाच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानात छायाचित्रणाच्या रिळांच्या डब्यांत भरलेले १३० विषबाण-बेडूक सापडले. या जमातीतल्या पुष्कळ जाती १९८७ पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असूनही डब्या भरल्या जातात, कारण कोणाला तरी त्या हव्या असतात.

याहून साधा मुद्दा संमतीचा. माणसांच्या मिश्रविवाहाच्या बाजूने आम्ही उभे राहतो ते दोघांनी एकमेकांना निवडलेले असते म्हणून. पेटीतल्या कोणीही काही निवडलेले नाही. निवड स्नेह्याची आणि सूचना आमची. भुकेने मेला तो पिवळा. सहजीवन, बहुविधता, विविधतेत एकता हे आमच्या निबंधांतले आवडते शब्द. ज्यांना दार नाही त्यांच्यासाठी ते वापरताना पाहणाऱ्याच्या डोळ्यांची हौस भागते आणि तिलाच आपण उदारपणा समजून बसतो. प्रातिनिधिक कवितासंग्रहांच्या संपादनात आम्ही हे पाप अनेकदा केले आहे, आणि तिथे कोणी उपाशी मरत नाही म्हणून ते खपून गेले.

मोठ्या प्राणिसंग्रहालयांचे काय, असे विचारले जाईल. खोलीएवढी जागा, जमिनीवर वावरणारी एक जात आणि झाडावर चढणारी दुसरी, जुगण्याचा संभव नसलेल्या निवडी, रोज मोजदाद, प्रत्येक प्राण्याची नोंद आणि मागे जाळीआड रिकाम्या पेट्या तयार, एवढे असेल तर आमची हरकत नाही. यांतल्या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. वेगळे करण्याची जागा ज्याच्याकडे आधीपासून आहे त्यानेच एकत्र ठेवून पाहावे. आमच्या स्नेह्याकडे ती सातव्या आठवड्यात झाली. आपल्याकडे हा छंद विरळा आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर साइट्सच्या परिशिष्टांतील प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आहेत आणि ते बाळगायचे तर नोंदणी करावी लागते. मुंबई-पुण्यातल्या कोणा हौशी वाचकाने हा लेख वाचून दुकान गाठू नये, एवढे सांगून पुढे जातो.

त्या पेटीत नंतर अंडी सापडली. काळसर, सहा-सात, एका पालथ्या नारळाच्या करवंटीखाली. निळे तोवर दुसऱ्या पेटीत गेले होते, पण जाऊन जेमतेम चार दिवस झाले होते; बाप कोण, हे सांगता येत नव्हते. हौशी मंडळींचा शिरस्ता अशा वेळी अंडी गोठवून टाकण्याचा आहे. स्नेह्याने पत्र पाठवून आमचे मत विचारले. पहिल्या वेळी न विचारता दिले होते. या वेळी विचारूनही देता येईना. वर लिहिलेले सारे आम्हांला तेव्हा सुचलेले होते आणि त्यातले एकही वाक्य त्या करवंटीखालच्या गोष्टीला पुरेसे वाटत नव्हते. शेवटी आम्ही लिहिले की वाढव, पण कोणाला देऊ नकोस, आणि डब्यावर जे ठाऊक आहे तेवढेच लिही. चार जगले. डब्यावर आईची जात, तारीख आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह आहे. तिसरी पेटी आता त्याच्या शयनगृहात ठेवावी लागली असून वहिनींचा आमच्यावर त्याबद्दल राग आहे.